तिकीट पुन्हा उघडा: व्हर्च्युअल मशीनमधल्या गेममध्ये माउस गरगर फिरतो

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

होस्ट (मूळ संगणक) लिनक्स, गेस्ट (तुमच्या सॉफ्टवेअरने त्याच्या आत चालवलेला व्हर्च्युअल संगणक) विंडोज १०. गेस्टच्या डेस्कटॉपवर माउस व्यवस्थित चालतो. फर्स्ट पर्सन (पात्राच्या नजरेतून खेळायचा) गेम सुरू करून माउस जरासा हलवला, की नजर गर्रकन आभाळाला किंवा जमिनीला जाऊन चिकटते. तुमच्या सपोर्टने आधी ग्राफिक्स ड्रायव्हर पुन्हा टाकायला, मग सेन्सिटिव्हिटी कमी करायला सांगितले आणि तिकीट बंद केले. या बिघाडाशी दोन्हींचा संबंध नाही.

तुमचे सॉफ्टवेअर गेस्टला माउसच्या जागी यूएसबी टॅब्लेट (चित्र काढायच्या पाटीसारखे उपकरण) दाखवते. टॅब्लेट कर्सरची जागा कळवतो. किती सरकला ते कळवत नाही. कर्सर खिडकीतून सहज आतबाहेर करतो तो यामुळेच, आणि ऑफिसच्या कामाला हे सोयीचेच आहे. गेमला मात्र सरकलेले अंतर लागते. विंडोजच्या रॉ इनपुटमध्ये (उपकरणाचे कच्चे आकडे गेमला देणारी सोय) टॅब्लेटचे आकडे ० ते ६५५३५ या पट्टीवर येतात, सोबत ते ‘अ‍ॅब्सोल्यूट’ (सरकलेले अंतर नव्हे, तर जागा) असल्याची खूण असते. ही खूण न तपासणारा गेम पडद्याच्या मध्याचा ३२७६७ हा आकडा एका दमात सरकलेले अंतर धरतो. सेन्सिटिव्हिटी निम्मी केली तरी सोळा हजारांवर उरतात. जुने गेम दर फ्रेमला कर्सर मध्यावर आणून ठेवतात, त्यांचेही हेच होते: होस्टला त्याचा पत्ता नसतो, पुढच्याच हालचालीला कर्सर जुन्या जागी ओढला जातो आणि तेच अंतर पुन्हा मोजले जाते.

खात्री करायची तर दुसरा यूएसबी माउस थेट गेस्टला जोडून बघा. गेम सुरळीत चालतो. मशीन बंद करून पॉइंटिंग डिव्हाइस पीएस/२ माउस (जुन्या पद्धतीचा, सरकलेले अंतर कळवणारा) ठेवले, माउस इंटिग्रेशन (होस्टचा कर्सर थेट गेस्टमध्ये चालवण्याची सोय) बंद केले आणि खिडकीत क्लिक करून माउस पकडला, तरीही चालतो. पण मशीन पुन्हा सुरू केले की इंटिग्रेशन आपोआप चालू होते. आमची खरी तक्रार ही आहे. क्यूईएमयू या दुसऱ्या व्हर्च्युअल मशीन सॉफ्टवेअरमध्ये यूएसबी-टॅब्लेटऐवजी यूएसबी-माउस लिहिले की भागते. व्हीएमवेअर वर्कस्टेशन या तशाच सॉफ्टवेअरमध्ये गेमसाठी माउसची वेगळी सेटिंग आहे. पैसे घेऊन विकलेल्या तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये निदान निवडलेली सेटिंग टिकायला हवी.

तिकीट पुन्हा उघडून इनपुटचे काम बघणाऱ्या अभियंत्यांकडे द्यावे, ही सेटिंग प्रत्येक मशीनसाठी कायम जतन व्हावी आणि दुरुस्ती कोणत्या आवृत्तीत येणार ते लेखी कळवावे. ते शक्य नसेल तर परवान्याचे पैसे परत करावेत. दोन्ही सेटिंगचे लॉग सोबत जोडले आहेत.

कळावे,
एक परवानाधारक ग्राहक