‘दूध पातळ’ म्हणून डबा?

प्रति,
संपादक

महोदय,

माझी लेक पहिल्या बाळंतपणाला सोलापुरात माहेरी आली आहे. दवाखान्यातून घरी सोडताना औषधांच्या चिठ्ठीत शेवटच्या ओळीवर बाळाच्या दुधाच्या पावडरीच्या डब्याचे नाव होते. विचारले तर उत्तर मिळाले, "दूध पातळ वाटतंय. आणि यात डीएचए आहे, मेंदूला चांगलं." बाळ नीट तोंडात धरते का, दिवसातून किती वेळा पिते, हे कुणी पाहिलेच नव्हते. घरी आल्यावर शेजारच्या काकूंनीही वाटीत डोकावून शिक्का मारला, "पाण्यासारखं आहे की गं!"

मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवले. दुसऱ्या आठवड्यात लेकीने काढलेले दूध काचेच्या पेल्यात घालून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवले. सकाळी वर पिवळसर साय, खाली निळसर पाणी. काकूंना बोलावून दाखवले. "अगंबाई, साय धरलीय की!" पाजायला घेतल्यावर आधी येते ते दूध पातळच दिसते, स्निग्धांश शेवटी शेवटी वाढत जातो. मध्येच बाळाला ओढून घेतले तर साय आईपाशीच राहते. बाळाच्या निम्म्या कॅलरी या स्निग्धांशातूनच येतात.

आता ते डीएचए, म्हणजे ओमेगा-3 गटातले एक मेदाम्ल. आईच्या दुधात ते असतेच. जगभरच्या मोजमापांची सरासरी एकूण मेदाम्लांच्या 0.32 टक्के निघते. डब्यात मात्र ते शेवाळाच्या किंवा माशाच्या तेलातून वेगळे घालावे लागते. त्यात वाईट काही नाही. ज्या बाळाला खरोखर डबा लागतो, त्याच्या डब्यात ते असलेले बरे. युरोपने 2020 पासून ते सक्तीचेच केले. पण पूर्ण दिवसांच्या बाळांवरचे प्रयोग एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे पडताळणाऱ्या संस्थेच्या 2017 च्या आढाव्यात, अशा डब्याने बुद्धी वाढते असा स्पष्ट पुरावा सापडला नाही. मग पाजणाऱ्या आईला त्याची भीती कशाला घालायची?

शाळेत मी मुलांना तेल आणि कॉस्टिक सोड्यापासून साबण करून दाखवायचे. तसलाच प्रकार बाळाच्या पोटातही होतो. आईच्या दुधातले पामिटिक आम्ल बहुतांश मेदाच्या रेणूच्या मधल्या जागी बसलेले असते, काही डब्यांत घालतात त्या पाम तेलात ते टोकांना असते. पचताना टोके तुटतात. सुटे झालेले पामिटिक आम्ल कॅल्शियमला धरते आणि त्याचा साबण होतो. पाम तेलाच्या डब्यावरच्या बाळाला खडा होतो त्यामागचे एक कारण हे. कॅल्शियम वाया जाते ते वेगळेच. काही कंपन्या आता तेलाची रचना बदलून घेतात, पण मुळात आईच्या दुधात ती तशीच असते, फुकट.

डीएचएची काळजी असेल तर बाळंतिणीच्या ताटाकडे बघा, कारण दुधातले त्याचे प्रमाण आईच्या खाण्यावर हलते. आपल्याकडे भाकरी, शेंगाचटणी आणि करडईचे तेल, म्हणजे ओमेगा-6 ही दुसऱ्याच गटातली मेदाम्ले भरपूर. जवसाची चटणी आणि अळिवाची खीर यांत ओमेगा-3 आहे, पण त्याचे शरीरात डीएचए फार थोडे बनते. (आमच्या आईला हे पटले नसते.) खाणाऱ्या घरात बांगडा, उजनीचा मासा, अंडे द्यायला हरकत नसते, पण ‘बाळाला बाधेल’ म्हणून नेमके तेच बंद करतात.

अर्भक दुग्धपर्यायांचा कायदा 1992 चा आहे. जाहिरात, मोफत नमुने, दवाखान्यातले फलक, डॉक्टर-परिचारिकांना भेटवस्तू, सगळ्याला त्यात बंदी आहे. डब्यावर बाळाचे चित्रसुद्धा चालत नाही. चिठ्ठीवरची ती एक ओळ मात्र कुठल्या कलमात सापडणार? ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आपल्या अंकात स्तनपान सप्ताहाचे, दीपप्रज्वलनाचे फोटो येतात. यंदा त्याऐवजी शहरातल्या प्रसूतिगृहांना एवढेच विचारा: डबा लिहिण्याआधी बाळंतिणीशेजारी बसून बाळाला धरायला शिकवणारी एखादी बाई तुमच्याकडे आहे का? त्यांची उत्तरे छापा.

आमचा डबा कपाटात सीलबंद पडून आहे. दुकानदार परत घ्यायला तयार नाही.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका
जुळे सोलापूर