आइसलंडच्या मुलींचा फुटबॉल

महोदय,
महिला फुटबॉल म्हटले की आपली नजर स्पेन-इंग्लंडपलीकडे जात नाही. आइसलंडची लोकसंख्या चार लाखही नाही, म्हणजे कोल्हापूर शहराहून कमी. तरी तिथे महिलांची लीग १९७२ पासून आहे आणि देशाचा संघ २००९ पासून सलग पाच युरो (युरोपीय अजिंक्यपद) स्पर्धा खेळला. २०२२ मध्ये तर तिन्ही सामने १-१ बरोबरीत सुटले. एकही न हरता बिचाऱ्या मुली गटसाखळीतूनच घरी परतल्या! हिवाळ्यात उघड्यावर खेळणे अवघड, म्हणून तिथे छपराखाली मैदाने उभारली गेली आणि मुलींचा सराव बारमाही झाला. तिथल्या कोपावोगुर शहराचा ब्रेडाब्लिक क्लब २०२१ मध्ये चॅम्पियन्स लीग या युरोपातील क्लबांच्या स्पर्धेत गटसाखळीपर्यंत पोहोचला. याच क्लबकडून पूर्वी खेळलेल्या सारा ब्योर्क गुन्नार्सडोट्टिरने गरोदरपणातला थकलेला पगार, ८२ हजार युरोंहून अधिक, लिऑनसारख्या बड्या फ्रेंच क्लबकडून फिफाच्या लवादात जाऊन मिळवला. २०२० च्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्यातल्या तिच्या गोलापेक्षा मला हा निकाल मोठा वाटतो. आइसलंडच्या या महिला लीगचे निकाल आपल्या क्रीडापानावर दोन ओळींत तरी द्यावेत, ही विनंती.

– एक वाचक, कोल्हापूर