मशीनवाला कमोड बसवा, पण मैला मोरीच्या पाइपात सोडू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जुन्या चाळीतल्या खोलीत स्लॅब न फोडता संडास करता येतो हे अजून बऱ्याच जणांना माहीतच नाहीये, आणि ज्यांना माहीत झालंय त्यांच्यातले काहीजण तो अशा पद्धतीने करून घेतायत की त्याचा त्रास दुसऱ्याच कुणाला तरी भोगावा लागतोय, म्हणून हे पत्र.

आम्ही गिरगावात राहतो. दुसरा मजला, पागडीची खोली, संडास गॅलरीच्या टोकाला, मजल्यावरच्या सगळ्यांना मिळून. इमारत १९४० च्या आधीची, उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणारी), म्हणजे रिडेव्हलपमेंटच्या मीटिंगा होत राहतात आणि खाली टेकू उभे असतात. अशात सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, डॉक्टर म्हणाले आता उकिडवं बसणं बंद. मग कमोडची खुर्ची आणली. तिचं भांडं रोज सकाळी पेपरने झाकून गॅलरीतून शेवटपर्यंत न्यायचं, दारादारात पोरं चहा-खारी खात बसलेली, आणि आम्ही भांडं घेऊन बाहेर पडलो की सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. हळूहळू त्यांनी पाणीच कमी केलं. मग लघवीला जळजळ, ताप, पुन्हा गोळ्या. ही काही आमच्या एकट्याच्या घरातली गोष्ट नाही, लालबाग-परळपासून गिरगावापर्यंत कुठल्याही चाळीत म्हाताऱ्या बायकांना विचारा, संध्याकाळनंतर पाणी पितात का म्हणून.

आता मशीनचं सांगते. कमोडच्या मागे एक बंद खोका असतो, फ्लश केला की सगळं त्यात पडतं, पाणी ठराविक पातळीला आलं की मोटर आपोआप सुरू होते, आतली पाती मैला आणि कागद बारीक करतात आणि पंप ते पाण्यासकट पाइपातून ढकलतो. काही सेकंदांचं काम. नेहमीच्या संडासाला चार इंची पाइप लागतो, त्याला चांगला उतार लागतो, म्हणजे जमीन उचला नाहीतर स्लॅब कापा, आणि आमच्यासारख्या लाकडी तुळयांच्या बिल्डिंगीत ते करणं म्हणजे खालच्याच्या डोक्यावर संकट, एकदा ओल धरली की तुळई कुजायलाच लागते. इथे मात्र सव्वा इंची पाइप पुरतो आणि तो वरही चढवता येतो. फ्रान्समधल्या एका कंपनीने १९५८ पासून ही मशीनं करायला घेतली. पॅरिसच्या जुन्या इमारतींतही सगळ्यात वरच्या मजल्यावर नोकरमाणसांच्या छोट्या खोल्या आणि संडास बाहेर कॉमन अशीच रचना होती, त्यामुळे गरज तिथेही आपल्यासारखीच.

पण खरा प्रश्न पुढचा आहे, तो पाइप जोडायचा कुठे.

आमच्याकडे पहिला जो प्लंबर आला तो सरळ म्हणाला, ताई मोरीच्या लाइनीला जोडून टाकू, दोन तासांत काम होतं, सगळे असंच करतात. ऐकायला सोपं वाटतं, कारण मोरी घरातच, पाइप हातभरावर. पण जुन्या इमारतींत संडासाची लाइन वेगळी आणि मोरीच्या सांडपाण्याची लाइन वेगळी असते आणि ती मुद्दाम वेगळी ठेवलेली असते. संडासाची लाइन बंद असते, ती थेट मॅनहोलला जाते. मोरीचा पाइप खाली गल्ली ट्रॅपमध्ये, म्हणजे सांडपाणी पडायच्या जाळीच्या खड्ड्यात, नाहीतर घरगल्लीतल्या उघड्या गटारात पडतो. मैला बारीक केला म्हणून त्याचं पाणी होत नाही. तो मैलाच राहतो, जंतू तेच, वास तोच, फक्त डोळ्यांना दिसत नाही.

आणि घरगल्लीत उतरतं कोण? दोन चाळींच्या मधली ती हाताएवढ्या रुंदीची अंधारी गल्ली साफ करायला सफाई कामगार येतात, पुष्कळदा कंत्राटी, पायात गमबूट असले तर असले, खरकटं, प्लास्टिक, वरून टाकलेल्या पिशव्या हाताने गोळा करतात. हाताने मैला साफ करायला लावण्याविरुद्धचा कायदा २०१३ साली झालाय. आपण आपल्या घरात टाइल्स लावून चकचकीत संडास करायचा आणि खाली त्या माणसाला नकळत मैल्यात उभं करायचं, हे मला अजिबात पटत नाही. तळमजल्यावरच्यांच्या खिडक्याही त्याच गल्लीत उघडतात, त्यांनी काय करायचं?

आम्ही दुसरा प्लंबर बघितला, महापालिकेचं लायसन असलेला. त्याने पाइप कमोडपासून आधी सरळ वर नेला, मग गॅलरीच्या छताखालून थोडासा उतार देत टोकाच्या कॉमन संडासाच्या चार इंची लाइनीला नेऊन जोडला. एकदा आडवा धरला की पुन्हा वर चढवायचा नाही आणि काटकोनात वळवायचा नाही हे त्याने पहिल्यांदाच सांगितलं. शेजारच्यांनी आधी हरकत घेतली, आमच्या दारावरून मैला जाणार का म्हणून, आणि त्यांचं चुकत नव्हतं. त्यांना बसवून पाइप दाखवला, सांधे दाखवले, पाणी सोडून दाखवलं. घरमालकाची लेखी परवानगीही घेतली. वेळ गेला, पैसेही जास्त गेले, पण जायलाच हवे होते.

ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी थोडं. याला मागून आउटलेट असलेला कमोडच लागतो, आपलं भारतीय भांडं बसत नाही. वायरिंग जुनं असेल तर आधी अर्थिंग तपासा आणि ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच लाइट तोडणारा स्विच, लावून घ्या, ओल्या जागेत मोटर चालवायचीय, यात काटकसर नको. लाइट गेली की मशीन बंद, तेव्हा फ्लश करायचा नाही हे घरात लहानमोठ्या सगळ्यांना सांगून ठेवा. पॅड, डायपर, वेट वाइप्स, केस, दात कोरायचा दोरा यातलं काही म्हणजे काही आत जाता कामा नये, पात्यात अडकलं की खोका उघडावा लागतो आणि तो उघडणाऱ्या माणसाचाही विचार करा. आपल्याकडे संडास घासायला ते धूर निघणारं अ‍ॅसिड ओतायची सवय असते, त्याने आतलं रबर जातं, त्यामुळे कंपनी सांगते तेच वापरायचं. आवाज येतो, रात्री तर चांगलाच ऐकू येतो, खोक्याखाली रबराची जाड मॅट टाकली आणि पाइप भिंतीला नीट क्लॅम्प केला की बराच कमी होतो.

माझं म्हणणं असं आहे की महापालिका आणि म्हाडाचं दुरुस्ती मंडळ यांनी मिळून जुन्या इमारतींसाठी याची एक साधी सुटसुटीत परवानगी ठेवावी. लायसनवाल्या प्लंबरने नकाशा द्यायचा, पाइप संडासाच्याच लाइनीला जोडलाय हे कुणीतरी येऊन बघायचं, बस एवढंच. परवानगी सोपी नसली की लोक थांबत नाहीत, गुपचूप करतात आणि मग जवळची मोरीच पकडतात. ज्या घरात अपंग किंवा अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे त्यांचा अर्ज आधी घ्यावा आणि ऐपत नसेल तर मशीनच्या खर्चाला काही मदत द्यावी. सरकार घरोघरी शौचालयासाठी अनुदान देतं, मग दहा बाय बाराच्या खोलीतल्या आजीला का नाही? आणि ज्यांनी आधीच मोरीला जोडलंय त्यांना दंडाची भीती न घालता लाइन बदलून घ्यायला मुदत द्या, नाहीतर कुणी पुढे येऊन सांगणारच नाही.

रिडेव्हलपमेंट होईल तेव्हा होईल. आमच्या सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत, त्यांच्यासारख्यांना तोवर थांबायला सांगू नका.

आपली,
एक गृहिणी, गिरगाव, मुंबई