गोल पपईवर कोयता चालवू दिला नाहीत म्हणून

ताई,

पहिल्या दिवशी मी तुम्हाला 'ए पोरी, बाजूला हो' म्हणालो होतो, आणि तेही सालगडी, त्याची बायको आणि बांधावर जमलेल्या पाच-सहा माणसांसमोर. तमाशा चारचौघांत केला, म्हणून आभारही चारचौघांतच मानतोय. तुम्ही तेव्हा कृषीकन्या, म्हणजे गावात राहून शेती शिकणारी कृषी महाविद्यालयाची विद्यार्थिनी, म्हणून आमच्या सेलू तालुक्यातल्या गावात आला होता. चार महिने राहिलात, परीक्षेला निघून गेलात. मधे एक उन्हाळा गेला आणि त्या उन्हाळ्यानंच मला हे पत्र लिहायला बसवलं.

फेब्रुवारीच्या शेवटी मी एकरभर तैवान पपई लावली होती. 8 बाय 6 फुटांवर, 900 रोपं. ठिबक नवं, कर्ज नवं. पावसाळ्यात फळं धरली आणि पाहतो तर निम्म्या झाडांना लांबट, निम्म्यांना गोल! शेजारच्या भाऊनं बांधावरूनच निकाल दिला, "रोपवाल्यानं भेसळ केली. गोल सगळी तोड, ट्रॉलीत भर अन् नेऊन टाक त्याच्या दारात." मला पटलं. मराठवाड्यात बोगस बियाणं म्हटलं की पुरावा कोण मागतो? एकदा सोयाबीन उगवलं नाही, की माणूस आयुष्यभर दुधानं पोळल्यासारखं ताक फुंकतो.

तुम्ही शेतातल्या आखाड्यावर नोंदवहीत काहीतरी लिहीत बसला होतात. उठून आलात आणि एवढंच म्हणालात, "काका, कोयता राहू द्या. दाढीचं ब्लेड आहे का?"

दोन झाडांच्या दोन कळ्या तुम्ही उभ्या चिरल्या. गोल फळाच्या झाडाची कळी बुडाशी फुगीर, पाकळ्या पार खालपर्यंत सुट्या, आत टपोरा अंडाशय, ज्याचं पुढं फळ होतं, आणि पराग देणाऱ्या पुंकेसराचा पत्ताच नाही. लांबट फळाची कळी सडपातळ, पाकळ्या खाली जुळून नळी झालेली, त्या नळीत 10 पुंकेसर आणि मधोमध बारीक लांबुळका अंडाशय. सालगड्याची बायको वाकून बघत होती, ती म्हणाली, "म्हंजी ही एकटी बाई, अन् हे जोडपं." मादी फूल आणि उभयलिंगी फूल हा धडा मी शाळेत नापास झालो होतो. तिनं तो एका वाक्यात पास केला.

मग तुम्ही हिशेब मांडला, मातीत काडीनं. मादीवर उभयलिंगी झाडाचा पराग पडला तर रोपं निम्मी-निम्मी. उभयलिंगी झाडाचं स्वतःच्याच परागाचं बी धरलं तर 3 रोपांत 2 उभयलिंगी आणि 1 मादी. नुसती उभयलिंगीच रोपं देणारं झाड निपजत नाही, कारण उभयलिंगीपणाचं गुणसूत्र आई-बाप दोघांकडून आलं की गर्भ बियातच मरतो. म्हणजे बियांपासून रोपं करणारा कितीही प्रामाणिक असला तरी मला 900 च्या 900 लांबट देऊच शकत नव्हता. फुलं येईपर्यंत नुसत्या नजरेला रोपांत फरकही कळत नाही. मी त्याला फोनवर काय काय बोललो होतो ते तुम्ही ऐकलं होतंत. नंतर मी त्याची माफी मागितली. तो हसला. त्याला सवय असावी.

पण माझं डोकं तिथंच अडलं. एका फुलात दोन्ही सोय होत असताना निसर्ग नुसती बाई ठेवतो कामून?

तुम्ही बांधावरचा साध्या एकेरी पाकळीचा झेंडू तोडून आणलात. इतकी वर्षं मी दसऱ्याला झेंडू विकतो, पण ज्याला मी एक फूल म्हणत होतो तो फुलांचा मेळा निघाला! कडेची एकेक पाकळी म्हणजे एकेक मादी फूल. बुडाशी बघितलं तर पराग झेलणारी दोन फाट्यांची जीभ, पुंकेसर नाहीत. मधल्या बारक्या नळ्या उभयलिंगी. त्यांच्यातली गंमत तुम्ही भिंगातून दाखवलीत. पुंकेसर चिकटून नळी झालेली असते, खालून कुक्षिवृंत, म्हणजे त्या जिभेचा दांडा, वर सरकतो, पराग बाहेर ढकलतो आणि मग त्याची जीभ दोन फाट्यांत उघडते. बंदुकीच्या नळीत गज घालून साफ करावी तसं.

कडेची फुलं आधी उमलतात, मधली नंतर. घरचा पराग बाहेर पडायच्या आत कडेच्या बाया दुसऱ्या झाडाचा पराग घेऊन मोकळ्या. हे मला लगेच पटलं, भावकीत सोयरीक टाळायचा हा जुनाच मार्ग आहे. पण तुम्ही तिथंच थांबला नाहीत. या कुळातल्या पुष्कळ झाडांची जीभ स्वतःचा पराग तसाही नाकारते, मग या एका कारणावर भागत नाही, म्हणालात. पराग करायला प्रथिनं, म्हणजे नत्र, खर्ची पडतं. कडेच्या फुलानं तो खर्च वाचवून मोठी रंगीत पाकळी काढायची आणि माश्या-फुलपाखरांना लांबून बोलवायचं. परागावर किडे ताव मारतात, जिथं परागच नाही तिथं त्यांचं काम नाही. शिवाय हवापाणी बघून मादी किती आणि उभयलिंगी किती हे झाडाला कमी-जास्त करता येतं. यातलं नेमकं कोणतं, असं मी विचारलं तर म्हणालात की झाडागणिक उत्तर वेगळं, जाणकारांचंही एकमत नाही. खरं सांगू? तिथं माझा तुमच्यावर विश्वास बसला. कृषी केंद्रात मला कुणी दोन उत्तरं दिलेली नाहीत.

जोंधळ्याचं सांगितलंत तेव्हा तर मी मटकन खालीच बसलो. कणसात फुलं जोडीनं असतात, एक बुडाशी चिकटलेलं उभयलिंगी आणि शेजारी देठावरचं, ते बहुधा नर किंवा वांझ. झेंडूच्या अगदी उलट कारभार. आणि 1964 ला आलेली सीएसएच-1 ही संकरित ज्वारी, जिच्यापासून आमच्या वडिलांच्या तोंडी 'हायब्रीड' शब्द बसला, तिची आई म्हणजे पराग बंद पडलेली, नुसती बाई झालेली ज्वारी. पेशीला ऊर्जा पुरवणारी तंतुकणिका बहुतेक झाडांत आईकडूनच लेकरात उतरते, परागातून तिला सहसा पुढं जाता येत नाही. म्हणून या तंतुकणिकेनं पुंकेसर बंद पाडले तरी तिचं काही बुडत नाही. काही झाडांत नुसत्या माद्या टिकतात त्या या घरभेद्यामुळं. डार्विननं 1877 सालीच लिहून ठेवलंय की थाइम नावाच्या झुडपात मादी झाडं उभयलिंगीपेक्षा जास्त बी देतात. पराग देत नाही, तर बी तरी जादा.

पपईचं मात्र आणखी तिसरंच. रानातली मूळ पपई मेक्सिकोकडची, तिच्यात नर वेगळा, मादी वेगळी. उभयलिंगी झाड माणसानं लागवड करता करता निवडलेलं. गुणसूत्रं वाचून शास्त्रज्ञ त्याचं वय साधारण 4000 वर्षं धरतात. "काका, तुमच्या वावरात उपरी असेल तर ती लांबट," असं तुम्ही म्हणालात आणि भाऊ बांधावरून गुपचूप उतरला.

आता उन्हाळ्याचं. एप्रिलात पारा 42 वर गेला, विहिरीनं तळ दाखवला, ठिबक दिवसाआड. माझी लाडकी लांबट झाडं फुलत होती, पण फळ धरेना. तुमच्यासारखीच कळी चिरली. आतला अंडाशय वाळून काडी झालेला, पुंकेसर तेवढे शाबूत. जोडप्यातली बाईच गेली. तुम्ही जाताना बजावलं होतंत की उष्णता आणि पाण्याचा ताण पडला की उभयलिंगी झाड नराकडं झुकतं, थंडीत उलट होऊन वेडीवाकडी फळं देतं, मादी मात्र आपलं लिंग बदलत नाही. गोल झाडांनी त्या उन्हातही फळं धरली, कमी धरली पण धरली. आणि त्यांना पराग पुरवत होती ती शेजारची वांझ दिसणारी लांबट झाडंच. मी कोयता चालवला असता तर मे महिन्यात माझ्या हातात नुसती फुलं उरली असती.

व्यापारी गोल मालाला अजून भाव पाडूनच मागतो. क्रेटमध्ये नीट बसत नाही, गर कमी, पोकळी मोठी, हे त्याचं रडगाणं आणि ते अगदीच खोटं नाही. त्यावर तुमच्याकडं काही इलाज असेल तर कळवा.

भाऊनंही यंदा पपई लावलीय. परवा सकाळी आला आणि म्हणाला, "ते ब्लेड दे जरा."

तुमचा,
पपईवाला काका