लेप्टोची गोळी लावणीआधी हवी

संपादक महोदय,

कोकणात पाऊस लागला की लेप्टोस्पायरोसिसच्या रुग्णांच्या बातम्या येऊ लागतात आणि पाठोपाठ, शेतात उतरताना गमबूट व हातमोजे घालावेत, असे आवाहनही येते. आवाहन चुकीचे नाही. पण गुडघाभर चिखलात दिवसभर वाकून भाताचा तरवा लावणाऱ्याला ते पाळता येत नाही. गमबूट चिखलात रुततो आणि हातमोज्यांनी मुठीतली रोपे सुटी होत नाहीत. त्यामुळे लावणीच्या आधी जे उपाय करता येतात, त्यांवर भर द्यायला हवा.

या रोगाचे जिवाणू उंदीर-घुशींच्या मूत्रपिंडात राहतात. उंदराला स्वतःला फारसे काही होत नाही, मात्र त्याच्या मूत्रावाटे ते दीर्घकाळ बाहेर पडत राहतात. गुरे, डुकरे व कुत्र्यांच्या मूत्रातूनही ते येऊ शकतात. कडक उन्हात आणि कोरड्या जमिनीत हे जिवाणू लवकर मरतात, पण ओल्या मातीत व साचलेल्या पाण्यात ते काही आठवडे तग धरतात. पायाच्या भेगांतून, चिखल्यांतून, कापल्या-खरचटल्या जागेतून, तसेच डोळ्यांत किंवा तोंडात उडालेल्या पाण्यातून ते शरीरात शिरतात. डासांचा यात काहीही संबंध नाही. तरीही रुग्ण सापडला की वाडीत धूरफवारणी होते, ती या रोगापुरती निव्वळ दिखाऊ आहे.

खरे काम मे महिन्यात आहे. शेते कोरडी असताना बांधांवरची बिळे उघडी दिसतात, तेव्हाच उंदरांचा बंदोबस्त व्हायला हवा आणि तो सगळ्या वाडीने एकाच वेळी करायला हवा. एकट्याने आपले कोपरे साफ केले, तर शेजारच्या बांधावरचे उंदीर तिथे येतात. झिंक फॉस्फाईडचे आमिष ठेवण्यापूर्वी दोन-तीन दिवस बिनविषारी आमिष ठेवावे लागते, अन्यथा सावध झालेले उंदीर त्याला तोंड लावत नाहीत. हे काम कृषी सहायकाच्या देखरेखीखाली व्हावे, कारण ते विष माणसाला आणि गुराढोरांनाही तितकेच घातक आहे.

दुसरा उपाय डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविक गोळीचा. जोखमीच्या काळात प्रौढांना आठवड्यातून एकदा 200 मिलिग्रॅम अशी ती दिली जाते. अंदमानात झालेल्या अभ्यासात या औषधाने संसर्ग थांबला नाही, पण आजार होण्याचे प्रमाण व मृत्यू कमी झाले. गरोदर स्त्रिया व लहान मुलांना ती देत नाहीत, म्हणून वाटप डॉक्टरांच्या सल्ल्यानेच व्हावे. मात्र पहिला रुग्ण दगावल्यावर सुरू होणाऱ्या वाटपाला फारसा अर्थ उरत नाही, कारण संसर्गानंतर लक्षणे दिसायला साधारण पाच ते चौदा दिवस लागतात आणि तोवर निम्मी लावणी उरकलेली असते.

तापाबरोबर पोटऱ्या दुखत असतील, डोळे लाल झाले असतील, तर रुग्णाने अंगावर काढू नये आणि डॉक्टरांना शेतात उतरल्याचे आवर्जून सांगावे. पहिल्या आठवड्यात रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी निगेटिव्ह येऊ शकते. तेवढ्यावरून लेप्टो नाही असे मानून उपचार लांबवले, तर कावीळ, मूत्रपिंड निकामी होणे किंवा फुप्फुसांत रक्तस्राव होणे इथपर्यंत आजार जातो. हाच रोग वेळेत ओळखला तर साध्या प्रतिजैविकांनी बरा होतो.

गोळ्यांच्या वाटपात एक उणीव नेहमी राहते. लावणीचे काम मुख्यतः बायका करतात, त्यांतल्या कित्येक जणी मजुरीने दुसऱ्यांच्या शेतात जातात आणि आशा सेविका घरी येते तेव्हा त्या चिखलात असतात. सातबारावर नाव नसल्याने शेतकऱ्यांच्या यादीतही त्या नसतात. ग्रामपंचायतींनी लावणीला जाणाऱ्या प्रत्येकाची वाडीवार यादी मे महिन्यातच तयार करून प्राथमिक आरोग्य केंद्राला द्यावी, आणि गोळ्या दुपारच्या जेवणाच्या वेळी थेट शेतावर पोहोचवाव्यात, अशी माझी जिल्हा प्रशासनाला विनंती आहे.

– एक भातशेतकरी, कुडाळ तालुका, जि. सिंधुदुर्ग