विणकरांचे प्रार्थनागृह आणि त्यांच्या वह्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

इंग्लंडमधील ब्रिगफ्लॅट्स या खेड्यातील क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या जुन्या प्रार्थनागृहावर आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख वाचला. दगडी भिंती, लाकडी सज्जा आणि मेंढपाळांच्या कुत्र्यांसाठी आतच केलेला छोटा कोंडवाडा यांचे वर्णन लेखकाने आस्थेने केले आहे. मात्र ही वास्तू कोणी व कोणत्या परिस्थितीत उभारली, हे एका वाक्यात उरकले गेले.

सेडबर्गजवळचे ब्रिगफ्लॅट्स ही जवसाच्या धाग्याचे कापड विणणाऱ्यांची वस्ती होती (सोलापूरकराला एवढ्यानेच आपुलकी वाटावी). 1652 मध्ये या पंथाचे प्रवर्तक जॉर्ज फॉक्स यांनी जवळच्याच फर्बँक फेलच्या माळावर मोठ्या जमावापुढे प्रवचन केले. पुरोहित आणि संस्कारविधी यांच्यावाचूनही ईश्वराचा प्रकाश प्रत्येकाला आपल्या अंतःकरणात अनुभवता येतो, ही त्यांची शिकवण अनेकांना पटली. पुढे 1664 च्या कायद्याने राजमान्य चर्चबाहेर, घरच्या मंडळींखेरीज पाचांहून अधिक लोकांनी उपासनेसाठी जमणे हा गुन्हा ठरला. अशा सभांवरील बंदी कायम असतानाच, म्हणजे 1675 मध्ये, या मंडळींनी हे प्रार्थनागृह बांधले. त्यांच्या उपासनेला कायद्याची मोकळीक मिळाली ती 1689 मध्ये.

हा इतिहास आज इतक्या तपशिलाने सांगता येतो, याचे श्रेय माझ्या मते क्वेकरांच्या लिहून ठेवण्याच्या शिस्तीला आहे. जन्म, विवाह, दफन यांच्या नोंदी तर त्यांनी ठेवल्याच. शिवाय चर्चचा दशमांश कर नाकारल्याबद्दल कोणाचे धान्य वा जनावर जप्त झाले आणि त्याची किंमत किती होती, हेही त्यांनी टिपले. विवाहाच्या दाखल्यावर हजर असलेले सारे जण, स्त्रियासुद्धा, सही करीत. सभेत मतदान होत नसे. चिटणीस निर्णय तिथल्या तिथे लिहून वाचून दाखवी आणि सर्वांना मान्य झाला तरच तो कायम होई. त्यामुळे एरवी इतिहासात ज्यांचे नावही उरले नसते, अशी साधी माणसे या वह्यांत भेटतात.

आपल्या जिल्ह्यात क्वेकरांचे काम नव्हते. येथे आली ती अमेरिकन मराठी मिशन ही ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्था. 1813 मध्ये मुंबईत आणि 1831 मध्ये अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) सुरू झालेले तिचे काम पुढे सोलापुरापर्यंत पोहोचले. पंथ वेगळा, उपासनेची रीतही वेगळी. परंतु बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंदपुस्तके येथील ख्रिस्ती मंडळ्यांनीही ठेवली आहेत. 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांत घरदार सुटलेल्या माणसांचा माग काढायचा, तर अशा जुन्या वह्यांइतके जवळचे साधन क्वचितच सापडेल. वास्तूची डागडुजी वर्गणीतून होऊ शकते. वाळवी लागलेले पान मात्र पुन्हा लिहिता येत नाही.

म्हणून शहरातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी ग्रामीण मंडळ्यांच्या संमतीने या वह्यांची छायाचित्रे घ्यावीत, अशी माझी विनंती आहे. मूळ वह्या मंडळ्यांकडेच राहाव्यात, प्रतींचा एक संच त्यांना द्यावा आणि हयात व्यक्तींचा उल्लेख असलेली अलीकडची पाने त्यातून वगळावीत.

आपला,
एक वाचक, सोलापूर