नंदाला पत्र : त्या इंग्रजी कुणाशी बोलणार?

सातारा,
रविवार, सकाळ

प्रिय नंदा,

तुझं पत्र गुरुवारी मिळालं. तारकर्लीत पर्यटकांना घरी उतरवून घेणाऱ्या बायकांना इंग्रजी शिकवायचं तू मनावर घेतलंस, हे वाचून किती आनंद झाला म्हणून सांगू! तू विचारलंस, "सुरुवात व्याकरणाने करू की बोलण्याने?" तीन दिवस तेच डोक्यात घोळतंय. मला वाटतं, त्याच्याही आधी त्यांना एक विचार : तुम्ही इंग्रजी कुणाशी बोलणार? बाकीचं त्यातून आपोआप ठरत जातं.

माझं तुला माहीतच आहे. दिवसा जिल्हा परिषदेची चौथी, संध्याकाळी नर्सिंग झालेल्या मुली आणि शनिवारी शेजारच्या आजी. तिन्हीकडे इंग्रजीच, पण एकाचा धडा दुसऱ्याला चालत नाही.

पोरांचं आधी सांगते. आपल्याकडे २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आलं खरं, पण माझ्या पोरांच्या घरात, गल्लीत ते कुणीच बोलत नाही. बिस्किटाच्या पुड्यावर दिसेल तेवढंच. त्यांना बोलायला माणूसच नाही, म्हणून खेळ करावा लागतो. एकदा पुठ्ठ्याच्या तीन पाट्या केल्या : आय, मँगो, ईट. तिघांच्या गळ्यात अडकवल्या आणि म्हटलं, "मी आंबा खातो, असे उभे राहा." राहिले, आय, मँगो, ईट. "आता इंग्रजीत," असं म्हणून 'ईट'वाल्या मुलीला हाताला धरून मधे आणलं. मागून एक पोरगा ओरडला, "बाई, खातो मधीच घुसला की!" त्या दिवसापासून मधल्या सुट्टीत पाट्या घालून खेळ चालतो. नवीन वाक्य आलं की आधी भांडण होतं, घुसायचं कुणी? कर्त्यानंतर क्रियापद, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले. त्यांना ते आता पायांनी कळलंय.

एकाने 'मला भूक लागली'चं 'टू मी हंगर' केलं. मी लाल रेघ मारली नाही. मराठीत भूक आपल्याला येऊन लागते, इंग्रजीत आपणच भुकेले असतो. दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी लिहिली आणि पोरांनाच फरक शोधायला लावला. वर्गात मराठीचा शब्द काढायचा नाही, असं आपल्याला प्रशिक्षणात सांगायचे ना? मला ते कधीच पटलं नाही. पोराच्या डोक्यात मराठी आहे म्हणूनच त्याला इंग्रजीतला फरक दिसतो.

संध्याकाळच्या मुलींचं अगदी वेगळं. त्यांना परदेशी दवाखान्यात नोकरी हवी आहे, त्यासाठी ओईटी, म्हणजे डॉक्टर-नर्स वगैरेंसाठी असलेली इंग्रजीची परीक्षा. बोलण्याच्या भागात दोन प्रसंग असतात, साधारण पाच-पाच मिनिटांचे. समोरचा पेशंट होतो, ही नर्स. बीपी, सलाईन, डिस्चार्ज हे शब्द या मुलींच्या तोंडात बसलेलेच. अडतं ते भलतीकडेच. सरावात मी पेशंट झाले होते. एक मुलगी म्हणाली, "गिव्ह युवर हँड." मी दचकलेच. ती इतकी मऊ स्वभावाची पोर, आणि पोलिसासारखी बोलली. मग तिलाच विचारलं, वॉर्डात मराठीत काय म्हणतेस? "आजी, हात द्या बरं जरा. थोडंसं टोचेल हं." सगळं तिथेच होतं बघ! 'द्या'मधला मान, 'बरं', 'जरा', 'हं'. इंग्रजीत तू-तुम्ही नाही, म्हणून तो मान दुसरीकडे ठेवावा लागतो : कुड यू, वुड यू माइंड, जस्ट अ लिटल. त्या दिवशी आम्ही तास दीड तास फक्त आपल्या 'जरा' आणि 'हं'ला इंग्रजीत जागा शोधत होतो. शेवटी ती "कुड आय जस्ट हॅव युवर हँड, प्लीज?" म्हणाली तेव्हा मी खरंच हात पुढे केला.

आयईएल्टीएसवाली, म्हणजे परदेशी जायला लागणारी इंग्रजीची परीक्षा देणारी दोन मुलंही येतात. त्यांना चाळीस मिनिटांत किमान अडीचशे शब्दांचा निबंध हवा, आणि तो पाठ करून न्यायचा असतो. पाठ केलेलं परीक्षकाला कळतं आणि गुण जातात, हे त्यांना पटवण्यातच माझा निम्मा वेळ जातो.

आणि आजी! नातू न्यू जर्सीत, सहा वर्षांचा, मराठी समजतं पण बोलत नाही. त्यांना व्हिडिओ कॉलवर त्याच्याशी बोलायचंय. मी 'हाऊ आर यू'पासून सुरू केलं, तर म्हणाल्या, "ते नको गं. जेवलास का, ते कसं विचारू?" मग 'डिड यू ईट, बाळा?' असं बसवलं. 'बाळा' मी मुद्दाम ठेवलं. मागच्या रविवारी नातवाने उत्तर दिलं, "येस आजी, डाळभात." आजी मला ते सांगताना रडल्या.

एक खंत मात्र आहे. पहिल्या वर्षी एक किराणा दुकानदार शिकायला यायचे, पन्नाशीचे. मी त्यांना चौथीच्याच पुस्तकातून 'धिस इज अ कॅट' शिकवलं. त्यांना कंपनीच्या माणसाशी फोनवर मालाबद्दल बोलायचं होतं, हे मी कधी विचारलंच नाही. तीन आठवडे ते मुकाट मांजर-कुत्रं लिहीत बसले, मग यायचे थांबले. अजून त्यांच्या दुकानावरून जाताना मला वाईट वाटतं.

म्हणून सांगते, पहिल्या दिवशी पुस्तक उघडू नकोस. त्यांच्याकडे कोण उतरतं ते विचार. बेंगळुरूचे लोक असतील तर त्यांचं काय आणि या बायकांचं काय, दोघांचंही इंग्रजी शिकूनच आलेलं. तिथे उच्चारांचा फार बाऊ नको, सावकाश आणि स्पष्ट बोललं की झालं. मग त्या पाहुण्यांशी दिवसभरात मराठीत, मालवणीत काय काय बोलतात ते त्यांच्याच तोंडून लिहून घे. खोली दाखवताना, ताट वाढताना, बिल देताना. सोलकढी म्हणजे काय ते त्यांनाच सांगू दे, कोकम आणि नारळाचं दूध हे शब्द आधी दे. आणि 'अजून वाढू?' यावर एक अख्खा दिवस घालव. 'मोअर राइस?' आणि 'वुड यू लाइक सम मोअर राइस?' यात काय फरक आहे, हे त्यांना लगेच कळेल. वाढणाऱ्या हाताला ते आधीच ठाऊक असतं.

ती वाक्यं मला पाठव. मालवणीतली जशीच्या तशी पाठव, सुधारू नकोस. दिवाळीच्या सुट्टीत मी चार दिवस येते, मला वर्गात पाहुणी म्हणून बसव. सरावाला कुणीतरी भात मागणारं लागेलच.

काकूंना नमस्कार. त्यांच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव.

तुझी,
सुमन